गळती कोठे होती?

विद्यार्थिमित्रहो, मराठी आणि इतिहास शिकविणाऱ्या, कलाशाखेची पदवी घेतलेल्या आमच्यासारख्या शिक्षकाने संगणकाच्या अंतरंगाविषयी लेख लिहावा, हे आमच्या काही सहकाऱ्यांना धाडसाचे वाटले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी शाळेच्या संगणककक्षाची देखरेख आमच्याकडे आली, आणि त्या कक्षातील चार क्रमांकाच्या यंत्राने यंदा आम्हांस जवळजवळ महिनाभर झुलविले. त्या प्रकरणात एका विद्यार्थ्यावर आमच्याकडून अन्यायही झाला. म्हणून घडले ते क्रमाने, आणि त्यामागचे कारण आम्हांस जितके उमगले तितके, येथे सांगण्याचे योजिले आहे.

आपल्या कक्षात बारा संगणक आहेत. त्यांवर लिनक्स ही प्रणाली चालते. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली तिचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहावयास घेतला आणि तो सर्वांस खुला केला. यंत्रे जुनी आहेत. प्रत्येकात ४ जीबी स्मृती, म्हणजे तुम्ही जिला रॅम म्हणता ती. सुरू होण्यास ती वेळ घेतात, म्हणून सायंकाळी ती पूर्ण बंद न करता केवळ निद्रिस्त ठेवावयाची, अशी आम्ही सोय करून दिली होती. ही सोयही पुढे या हकीकतीत येणार आहे.

चार क्रमांकाच्या यंत्राचे दुखणे असे होते. सोमवारी ते चांगले चाले. बुधवारी माउसचा बाण अडखळू लागे. गुरुवारी-शुक्रवारी एखादी खिडकी उघडावयास अर्धा मिनिट लागे, डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत राही आणि एखादा प्रोग्रॅम कोणी हात न लावता नाहीसा होई. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की ते जणू नवे होई. मुलांनी याचा उपायच ठरवून टाकला होता : ‘‘सर, रिस्टार्ट करा, सगळे ठीक होईल.’’ आम्हीही तो उपाय करीत होतो. रोग कोणता हे न विचारता औषध घेत राहण्याची मनुष्यस्वभावाची सवय यंत्रांच्या बाबतीतही सुटत नाही.

याच यंत्रावर इयत्ता नववीतील एक विद्यार्थी वार्षिक अंकाची पाने जुळवीत होता. डिसेंबरातील एका शुक्रवारी त्याचा पाने जुळविण्याचा प्रोग्रॅम असाच अकस्मात बंद पडला आणि सहा पानांचे न साठविलेले काम गेले. छपाईची तारीख जवळ आली होती. आम्ही संतापलो. ‘‘मागे खेळ नाही तर चलच्चित्रे उघडून बसतोस, म्हणून यंत्र भरते,’’ असे आम्ही त्यास सर्वांसमक्ष म्हटले. तो एवढेच म्हणाला, ‘‘सर, मी दुसरे काहीच उघडले नव्हते.’’ आम्ही त्याचे ऐकले नाही. आठ दिवस त्यास कक्षात येण्याची मनाई केली आणि ती पाने पुरी करावयास स्वतः बसलो. चौथ्या दिवशी, आमच्या हातून, तोच प्रोग्रॅम तसाच नाहीसा झाला.

त्या सायंकाळी आम्ही शोधास लागलो.

प्रथम स्मृती म्हणजे काय ते पाहू. वर्गातील फळा डोळ्यांपुढे आणा. तासाला जे लागते ते शिक्षक फळ्यावर लिहितात. तास संपला की पुसतात. पुढचा शिक्षक त्याच जागेवर लिहितो. कायमची नोंद वहीत, फळ्यावर तात्पुरती. संगणकाची डिस्क ही वही आणि रॅम हा फळा. आता एखादे शिक्षक फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आखून तीवर ‘पुसू नये’ असे लिहून जातात, आणि पुढे ते विसरतात. चौकटीतील मजकूर कोणाच्याही उपयोगाचा राहिलेला नाही; पण पुसण्याचा अधिकार ज्याचा त्यास आठवण नाही, आणि इतरांस धीर नाही. रोज अशी एक चौकट वाढू लागली, तर काही दिवसांनी फळा भरलेला दिसेल आणि लिहावयास जागा मिळणार नाही. संगणकशास्त्रात यालाच मेमरी लीक, स्मृतीची गळती, म्हणतात. हा शब्द आम्हांस प्रथम विचित्र वाटला. घरी कोंकणी बोलणाऱ्या आम्हांस ‘गळप’ म्हटले की पावसाळ्यातील कौले आठवतात. गळती म्हणजे काहीतरी बाहेर जाणे. येथे बाहेर काही जात नाही. जागा आतच असते, पण हिशेबातून गळते.

कौलांची आठवण मात्र दुसऱ्या एका कारणाने उपयोगी पडली. ज्यांची घरे कौलारू आहेत त्यांना ठाऊक असेल की, पाणी जेथे टपकते तेथले कौल फुटलेले असतेच असे नाही. फुटके कौल वर कोठेतरी असते. पाणी वाशावरून वाहत येते आणि भलतीकडे, बहुधा अंथरुणावर, पडते. आमच्या प्रकरणात टपकत होते पाने जुळविण्याच्या प्रोग्रॅमवर. म्हणून सर्वांचा, आणि प्रथम आमचा, संशय त्या प्रोग्रॅमवर आणि तो चालविणाऱ्यावर गेला.

लिनक्समध्ये ‘फ्री’ नावाची एक आज्ञा आहे. तिने स्मृतीचा ताळेबंद दिसतो : एकूण किती, वापरात किती, रिकामी किती, आणि ‘बफ-कॅश’ या रकान्यात किती. नवशिक्या माणूस रिकाम्या जागेचा आकडा लहान पाहून घाबरतो. तसे घाबरण्याचे कारण नाही. डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली कर्नल फळ्यावर राहू देतो, कारण त्या पुन्हा लागल्या तर डिस्ककडे धावावे लागत नाही. आणि कोणास जागा हवी झाली की त्या तत्काळ पुसतो. हीच ती कॅश. रिकामा फळा हा निरुपयोगी फळा, हे कर्नलचे धोरण आहे. म्हणून ज्या आकड्याकडे पाहावयाचे तो ‘अव्हेलेबल’ या रकान्यातला, म्हणजे मागितल्यास खरोखर किती जागा देता येईल त्याचा अंदाज. २०१४ साली आलेल्या ३.१४ या आवृत्तीपासून कर्नल हा अंदाज स्वतःच सांगू लागला. त्यापूर्वी ज्याने त्याने आपापले गणित करावे.

आमच्या यंत्रावर बफ-कॅशचा रकाना अडीच जीबीच्या वर होता. जाणत्यांनी सांगितलेले आम्ही वाचले होते की, कॅश मोठी असणे निरुपद्रवी. मग अव्हेलेबलचा आकडा मोठा असावयास हवा. तो होता अवघा दीडशे एमबीच्या आसपास. कॅश अडीच जीबी, आणि देण्याजोगी जागा दीडशे एमबी! पुसता येणारी जागा इतकी असून पुसता का येत नव्हती? या विसंगतीपाशी आम्ही दोन दिवस अडलो होतो, आणि मागाहून कळले की प्रकरणाची किल्ली नेमकी तेथेच होती.

दरम्यान आम्ही ‘टॉप’ ही दुसरी आज्ञा दिली. तिने चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावावर किती स्मृती आहे ते कळते. कागद-पेन्सिल घेऊन बेरीज केली. सर्वांची मिळून सव्वा जीबीही भरेना. घरातील प्रत्येकाला विचारावे, तू किती खर्च केलास, आणि सर्वांचे मिळून जे येईल त्याच्या तिप्पट पैसे पेटीतून गेलेले असावेत, तसा हा प्रकार. उरलेली स्मृती कोणाच्याच नावावर नव्हती.

मग कर्नलची सविस्तर वही उघडली. ती ‘प्रॉक’ या फोल्डरात ‘मेमइन्फो’ या नावाने असते; फाइल म्हणावयाची, पण डिस्कवर ती नसते; आपण वाचावयास गेलो की कर्नल त्या क्षणाचे आकडे लिहून देतो. तीत ‘शेममेम’ नावाची ओळ आहे, म्हणजे सामायिक स्मृती. आमच्या यंत्रावर ती ओळ चोवीस लाख किलोबाइटांवर गेली होती. आणि येथे आमचा अडलेला गाडा सुटला. ‘फ्री’ची आज्ञा या सामायिक स्मृतीचा समावेश बफ-कॅशच्याच रकान्यात करते. पण ही स्मृती कॅशसारखी पुसता येत नाही. तिची प्रत डिस्कवरील कोणत्याही फाइलीत नाही. फार तर ती डिस्कवरील ‘स्वॅप’ या राखीव जागेत हलविता येते, आणि डिस्कचा दिवा लुकलुकत होता तो त्याच हलवाहलवीमुळे. म्हणजे ज्या रकान्यास सर्वजण निरुपद्रवी म्हणतात, त्याच रकान्याच्या पोटात ही गळती दडून बसली होती. पडताळा म्हणून आम्ही कर्नलला सर्व कॅश पुसण्याची आज्ञा दिली. जे पुसण्याजोगे होते ते गेले. चोवीस लाख किलोबाइट जागचे हलले नाहीत.

सामायिक स्मृतीचे सरळ मालक दोनतीन असतात. काही तात्पुरती फोल्डरे स्मृतीतच ठेविलेली असतात. ती पाहिली, जवळजवळ रिकामी होती. प्रोग्रॅम एकमेकांशी वाटून घेतात असे तुकडे मोजले, तेही किरकोळ. मग उरले चित्र.

चित्राचा हिशेब मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. आमच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहावयास ४ बाइट लागतात. गुणाकार केल्यास ८२,९४,४०० बाइट होतात. १०२४ ने भागले की बरोबर ८,१०० किलोबाइट. पडदाभर एका चित्रास इतकी जागा. ज्या संगणकांत चित्रासाठी वेगळे कार्ड नसते, आणि शाळांतील बहुतेक तसेच असतात, त्यांत ही जागा मुख्य स्मृतीतूनच उसनी घ्यावी लागते. ती मागण्याचे आणि परत करण्याचे काम ड्रायव्हर करतो. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा एखादा विशिष्ट भाग कसा चालवावयाचा हे जाणणारा प्रोग्रॅमचा तुकडा. बसच्या ड्रायव्हरशी त्याचे नाते नावापुरते नव्हे, खरोखरच तेच आहे.

ही उसनवारी नीट चालावी म्हणून कीथ पॅकार्ड व एरिक अँहोल्ट यांनी २००८ साली एक व्यवस्था तयार केली. तिला ‘जेम’ म्हणतात; त्याच वर्षाच्या डिसेंबरात निघालेल्या २.६.२८ या कर्नलात ती आली. चित्रासाठी घेतलेल्या प्रत्येक तुकड्यावर एक संख्या असते : सध्या हा तुकडा कितीजण वापरीत आहेत? एकाने घेतला की संख्या एकाने वाढते, सोडला की एकाने कमी होते, शून्य झाली की तुकडा पुसला जातो. फळ्याच्या भाषेत, चौकटीशेजारी ‘पुसू नये’ असे म्हणणाऱ्यांची संख्या लिहिलेली असते. पद्धत इतकी साधी आहे की ती चुकावी कशी असे वाटते. ती चुकते ती एकाच रीतीने : कोणीतरी घेतो आणि सोडावयास विसरतो. संख्या कायमची एकावर राहते. जेमचे हे तुकडे बऱ्याच ड्रायव्हरांत सामायिक स्मृतीतूनच घेतले जातात, म्हणून ते शेममेमच्या ओळीत मोजले जातात. पण टॉपच्या यादीत त्यांना धन्याचे नाव बहुधा मिळत नाही.

येथवर आल्यावर आम्हांस त्या मुलाची आठवण झाली, आणि थोडे अस्वस्थही वाटले. प्रोग्रॅम आपोआप का बंद पडला, हे कर्नलच्या रोजनिशीत लिहिलेले असते. स्मृती संपली आणि स्वॅपही भरला की सारे यंत्र ठप्प होऊ नये म्हणून कर्नल एखाद्या प्रोग्रॅमचा बळी देतो. हे काम करणाऱ्या भागाचे नावच ‘ओओएम किलर’ असे उग्र आहे. बळी निवडताना तो पाहतो, कोणाच्या नावावर सर्वांत जास्त स्मृती आहे. चित्रांचे विसरलेले तुकडे कोणाच्याच नावावर नसल्यामुळे ज्याने ते अडविले तो सुटतो, आणि प्रामाणिकपणे आपल्या नावावर स्मृती घेऊन काम करणारा मारला जातो. आम्ही त्या शुक्रवारची रोजनिशी काढली. दुपारी, मुलाने सांगितलेल्या वेळीच, पाने जुळविण्याच्या प्रोग्रॅमचा बळी गेल्याची नोंद होती. अशा प्रसंगी कर्नल त्या क्षणी चालू असलेल्या सर्व प्रोग्रॅमांची यादीही लिहून ठेवतो. ती यादी आम्ही वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. खेळ नव्हता, चलच्चित्र नव्हते, ब्राउझरसुद्धा नव्हता. मुलगा खरे बोलला होता. त्याच नोंदीत वरच्या बाजूस शेममेमचा आकडाही होता : सहा लाखांहून अधिक पाने. कर्नलचे एक पान ४ किलोबाइटांचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही नववीच्या वर्गात जाऊन सर्वांसमक्ष आपली चूक सांगितली, कारण दोष सर्वांसमक्षच दिला होता. मुलगा काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र तो कक्षाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, मग ते भरते कशाने?’’ पुढचा शोध त्याचा आणि आमचा मिळून झाला, आणि खरे सांगावयाचे तर त्याचा अधिक.

गळती नेमकी कोणत्या कृतीने होते हे शोधावयाचे ठरले. यंत्र नव्याने सुरू केले, शेममेमचा आकडा टिपला, आणि एकच कृती दहा वेळा करून पुन्हा आकडा पाहावयाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम विज्ञानाच्या शिक्षकांनी आम्हांस आधी बजावला होता. खिडकी उघडणे-मिटणे : काही फरक नाही. मजकूर सरकविणे : नाही. चित्र घालणे : थोडे वाढले, मिटल्यावर उतरले. मग मुलाने विचारले, ‘‘सर, मी पान जुळवून झाले की दर वेळी पडदाभर मोठे करून बघतो. ते करून पाहू?’’ दहा वेळा पडदाभर केले, दहा वेळा पूर्ववत् केले. आकडा १,६२,००० किलोबाइटांनी वाढला. थोड्याशे किलोबाइटांचा इकडेतिकडे फरक सोडून द्या. मुलाने मनातल्या मनात भाग दिला आणि म्हणाला, ‘‘दर खेपेस सोळा हजार दोनशे.’’ म्हणजे ८,१०० ची दुप्पट. दर खेपेस पडदाभर मापाची दोन चित्रे स्मृतीत विसरली जात होती.

या एका आकड्याने जितके समाधान दिले तितके क्वचितच कशाने दिले असेल. गळतीचे माप पडद्याच्या मापाशी तंतोतंत जुळले होते. आता ती चित्राचीच गळती याविषयी शंका उरली नाही. रिकाम्या अडीच जीबीत अशा सुमारे १६० खेपा मावतात. यंत्र आठवडाभर बंद होत नव्हते, आणि मुलगा प्रत्येक पान दहादा तपासून पाहत होता. ज्याने अधिक काळजीने काम केले त्याच्याच हातून यंत्र लवकर भरले.

आता प्रश्न असा की, विसरतो कोण? तीन जागी संशय होता : खुद्द पाने जुळविण्याचा प्रोग्रॅम, पडद्यावर सर्वांची चित्रे मांडणारा एक्स सर्व्हर आणि त्यात बसलेला चित्र-ड्रायव्हर, किंवा कर्नलातील ड्रायव्हर. पहिला संशय लवकर मिटला. प्रोग्रॅम बंद केला तरी आकडा उतरला नाही. प्रोग्रॅम मरतो तेव्हा त्याने घेतलेले सारे सुटते, हा नियम आहे. शिवाय ‘एक्सरेसटॉप’ नावाचे एक लहानसे साधन आहे; एक्स सर्व्हरपाशी कोणत्या प्रोग्रॅमची किती चित्रे ठेवलेली आहेत ते त्यात दिसते. त्याने सांगितलेली बेरीज साठ-सत्तर एमबीच्या वर जाईना. कोणी मागत नसता कोणीतरी राखून ठेवीत होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या संशयिताची निवड एका अगदी साध्या कसोटीने झाली. यंत्र बंद न करता केवळ लॉगआउट केले. आमच्या यंत्रांवर त्याने एक्स सर्व्हर मरतो आणि नवा सुरू होतो. कर्नल तोच राहतो. चोवीस लाखांचा आकडा उतरून पूर्वस्थितीवर आला. म्हणजे ते तुकडे एक्स सर्व्हरच्या हाती होते. तो मेल्याबरोबर कर्नलने ते सोडविले. लॉगआउट करूनही जागा सुटली नसती, तर दोष कर्नलात आणि उपाय पुष्कळ लांबचा. अशा वेळी जाणते लोक एक चांगली आवृत्ती आणि एक बिघडलेली आवृत्ती घेतात, मधली तपासतात, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवून पुन्हा त्या अर्ध्याची मधली तपासतात. टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली सुरू केलेल्या गिट या साधनात याची सोय आहे. हजार बदलांतून दोषी बदल दहा तपासण्यांत सापडतो; २ चा दहावा घात १०२४, हे तुम्ही शिकला आहातच. आम्हांवर सुदैवाने ती वेळ आली नाही.

आता पाच क्रमांकाचे यंत्र. बांधणी तीच, प्रणाली तीच, वयही तेच. त्यावर दहा वेळा तीच कृती केली. आकडा वाढला नाही. मग दोहोंत फरक काय? एक्स सर्व्हर सुरू होताना आपण काय काय केले याची टिपणे एका फाइलीत लिहितो. दोन्ही यंत्रांची टिपणे शेजारीशेजारी ठेवून मुलगा बोट फिरवीत वाचीत गेला. पाच क्रमांकावर ‘मोडसेटिंग’ नावाचा सर्वसामान्य ड्रायव्हर चालू होता. चार क्रमांकावर मात्र त्याच्याऐवजी एक जुना, खास त्या चित्र-चिपसाठी लिहिलेला ड्रायव्हर, आणि त्यात ‘टिअरफ्री’ हा पर्याय चालू केलेला. हे आपोआप झालेले नव्हते. तसे करण्याची आज्ञा देणारी एक लहान फाइल त्या यंत्रात कोणीतरी मुद्दाम ठेवली होती.

मुलाने ती फाइल उघडली. सात ओळींची होती. पहिल्या ओळीत, यंत्राने न वाचता माणसाने वाचावी अशी टीप होती : तारीख, आणि खाली आमची आद्याक्षरे.

आम्हांस तत्क्षणी सारे आठवले. दोन वर्षांपूर्वी कक्ष ताब्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्ही आठवीच्या मुलांना गोव्याच्या किल्ल्यांवरील एक चलच्चित्र दाखविले होते. प्रोजेक्टर चार क्रमांकालाच जोडलेला. चित्र वेगाने सरकू लागले की पडद्याच्या मध्यावर आडवी रेघ पडून वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे जाई. एक चित्र पुरे होण्याआधीच दुसरे मांडले गेले की असे होते. त्यावर उपाय शोधताना कोणा अनुभवी माणसाने सुचविलेल्या त्या सात ओळी आम्ही न समजता उतरून घेतल्या. रेघ गेली, आम्हांस कृतकृत्य वाटले, आणि ती फाइल विस्मरणात गेली. टिअरफ्री या पर्यायात चित्र प्रथम आडोशाला एका वेगळ्या तुकड्यावर पुरे केले जाते आणि मग पडद्यावर येते. म्हणजे पडदाभर मापाचे जादा तुकडे लागतात. आमच्या यंत्रावर त्यांपैकी दोन, पडदाभर खिडकीतून बाहेर येताना, सुटत नव्हते.

मुलाने आणखी एक कसोटी सुचविली, ती आम्हांस सुचली नसती : ड्रायव्हर तोच ठेवून केवळ पर्याय बंद करावा. तसे केले, गळती थांबली. म्हणजे दोष त्या ड्रायव्हरातही त्या एका वाटेवरचा. मग फाइलीचे नाव बदलून ती बाजूस ठेवली (पुसली नाही, कारण जे समजले नाही ते पुसूनही टाकू नये एवढे आता शिकलो होतो) आणि यंत्र सर्वसामान्य ड्रायव्हरवर चालू केले.

अखेरची तपासणी दहा वेळांची नव्हे, शंभर वेळांची केली. यास कारण आहे. वाढणारा प्रत्येक आकडा गळतीचाच असतो असे नाही. ग्नोम या लिनक्सच्या सुप्रसिद्ध दर्शनी भागाविषयी अशीच तक्रार होती की तो दिवसभरात स्मृती खात जातो. २०१८ साली जॉर्जेस स्टाव्राकास या विकसकाने दाखवून दिले की, तेथे स्मृती हरवत नव्हती. झाडलोट करणारा भाग एका फेरीत सर्व केर उचलीत नव्हता, उरलेला पुढच्या फेरीची वाट पाहत पडून राही. त्यांनी त्यास गळती न म्हणता उशिराची झाडलोट म्हटले, आणि उपायही निराळा झाला. आकडा काही काळ चढून मग स्थिर झाला तर ती सवय. चढतच राहिला तर गळती. दहा वेळांत हे दोन ओळखता येत नाहीत. मुलाने शंभर खेपा मोजून केल्या, आम्ही दर दहा खेपांनी आकडा लिहीत गेलो. पहिल्या दहांत किंचित वाढ, पुढे नव्वद खेपांत जवळजवळ काही नाही. सोमवार गेला, शुक्रवार गेला. यंत्र बंद न करता दुसरा सोमवार आला. माउसचा बाण अडखळला नाही.

त्या ड्रायव्हरच्या कर्त्यांस आकडे आणि कसोट्या लिहून कळवावे असे आम्ही ठरविले, आणि मुलाने तसा मजकूर इंग्रजीत तयार केला. इंग्रजीच्या शिक्षिकाबाईंनी त्यातील दोन क्रियापदे सुधारली. तो ड्रायव्हर फार जुना असून त्यात आता क्वचितच बदल होतात, आणि अनेक वितरणांनी त्याच्या जागी सर्वसामान्य ड्रायव्हर आधीच स्वीकारला आहे, असे त्या निमित्ताने कळले. आमच्या सात ओळींनीच त्यास परत बोलावून आणले होते.

गेलेली सहा पाने मुलाने पुन्हा जुळविली. या अंकातील कवितांचा विभाग तो हाच. चार क्रमांकाच्या यंत्रावर चलच्चित्र दाखविताना चित्राच्या मध्यावर ती आडवी रेघ आता पूर्वीसारखी पुन्हा दिसते. आठवीतील मुलांनी तिला ‘सरांची रेघ’ असे नाव दिले आहे, आणि ते आमच्या कानांवर आले आहे, हे त्यांस या लेखावरून कळेल.